हिशेबाची पाटी कोणाच्या हाती?

आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीशी बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी मराठवाड्यात कोठेही दिसते. गिऱ्हाईक येते, वीस रुपये पाव या भावाने तीन पाव हिरव्या मिरच्या घेते आणि शंभराची नोट पुढे करते. मुलगी मनाशी पुटपुटते : पावाला वीस, अर्ध्याला चाळीस, पाऊण किलोला साठ, साठावर दहा सत्तर, आणखी तीस की शंभर. चाळीस रुपये मोजून ती गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. हातात ना पाटी असते, ना पेन्सिल. दुसऱ्या दिवशी हीच मुलगी शाळेत फळ्यासमोर उभी राहते. फळ्यावर शंभरातून साठ वजा करण्याचे उदाहरण उभ्या मांडणीत लिहिलेले असते. शून्यातून शून्य गेले. पुढे शून्यातून सहा कसे जायचे? हातचा कोठून घ्यायचा, शेजारचा एक खोडायचा की ठेवायचा, या गोंधळात उत्तर एकशे साठ येते. शंभराच्या नोटेवर गिऱ्हाइकाला एकशे साठ रुपये परत करणे जिला काल स्वप्नातही सुचले नसते, तिलाच आज हे उत्तर चुकले आहे असे जाणवत नाही. गुरुजींच्या वहीत तिच्या नावापुढे ‘गणितात कच्ची’ असा शेरा पडतो.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे अशा मुलामुलींच्या असंख्य गावांपैकी एक. टेंभुर्णी म्हटले की पुणे-सोलापूर रस्त्यावरची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी लोकांना आधी आठवते. ही टेंभुर्णी विदर्भाच्या शिवेलगतच्या तालुक्यातली, कोरडवाहू शेतीच्या मुलखातली. कापूस, सोयाबीन, मका यांचे भाव, पावसाचा अंदाज, रोजंदारीचे दिवस आणि उधारीचे आकडे यांवर या मुलखातील घराघरांचा संसार उभा आहे. म्हणजे ज्या मुलांना गणित येत नाही असे म्हटले जाते ती मुले रात्रंदिवस गणितातच वाढत असतात. मग शाळेच्या उंबरठ्यावर हे गणित त्यांच्याकडून काढून घेतले जाते काय? आणि ते काढून घेतल्याने कोणाचे फावते? लहान मुलांना जीवनाशी जोडून गणित शिकवण्याचा विषय शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चासत्रांपुरता राहू नये, चळवळीच्या कार्यकर्त्यांनी तो आपला मानावा, याचे कारण या दुसऱ्या प्रश्नात आहे.

दोन गणिते

बाजारातील मुलीचा अनुभव केवळ मराठवाड्याचा नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास तेरेझिन्या न्यूनेस काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. संशोधक प्रथम गिऱ्हाईक बनून गेले. बाजारातल्या व्यवहारात या मुलांची शंभरातील ९८ उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपाने विचारली तेव्हा हे प्रमाण ७४ वर आले आणि कागदावर नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ वर. मुले तीच, आकडे त्याच जातीचे, बुद्धीही तीच. बदलली होती ती फक्त विचारण्याची रीत.

पाच मुले फार थोडी, आणि ब्राझील फार दूर, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ त्याच्या लेखकांत आहेत. त्यांना आढळले तेही असेच. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी सोडवत होती आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी-भागाकाराची उदाहरणे त्यांना अडत होती. या अभ्यासाची दुसरी बाजू अधिक अंतर्मुख करणारी आहे. जी मुले बाजारात काम न करता केवळ शाळेत जात होती, त्यांना कागदावरची उदाहरणे येत होती, पण बाजारातला हिशेब जमत नव्हता. पूल दोन्ही तीरांवर तुटलेला आहे, असाच याचा अर्थ. एका मुलाजवळ ज्ञान आहे, पण त्याला प्रमाणपत्र नाही. दुसऱ्याजवळ प्रमाणपत्र आहे, पण ते ज्ञान कामाला येत नाही.

ही फारकत महाराष्ट्रात पूर्वापार होती असे नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकत. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे म्हणजे पांडित्याची हौस नव्हती. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या बाजारात सव्वा सात शेरांचा दीड आण्याने हिशेब करायचा तर हे पाढे तोंडी असावेच लागत. जाफराबादच्या भागात तर व्यवहाराला आणखी एक पदर होता. १९४८ पर्यंत हा मुलूख निझामाच्या राज्यात. येथे हाली शिक्का चाले आणि शिवेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजी कलदार. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार असा भाव. शीव ओलांडून बैल विकायला किंवा कापड आणायला गेलेल्या माणसाला हे गुणोत्तर येत नसेल तर तो दोन्हीकडे नागवला जाई.

त्या शाळेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ती मुलींना आणि दलितांना बंद होती. छडीच्या धाकाने चालत होती. व्यापारी आणि कारकून घडवणे हेच तिचे प्रयोजन होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटरची मापे आली आणि पावकी-दिडकीचे पाढे शाळेतून हळूहळू गेले. ते योग्यच झाले. चूक झाली ती एवढीच की, त्या पाढ्यांनी शाळा आणि बाजार यांच्यात जी वाट ठेवली होती तिच्या जागी दुसरी वाट कोणी बांधली नाही.

याचे एक उदाहरण रोजच्या भाषेतच आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांकांचे सुटसुटीत शब्द मराठीत जिवंत आहेत. पाव किलो साखर आणायला धाडलेले पाच वर्षांचे पोर अपूर्णांकाशीच खेळत असते. तेच पोर पुढे वरच्या वर्गात गेले की एक आडवी रेघ, तिच्यावर तीन आणि खाली चार असे एक नवे, परके चिन्ह त्याच्यापुढे येते. ही ‘पाऊण’च आहे, तुझ्या आईच्या तराजूतली पाऊण, असे त्याला त्या क्षणी कोणी सांगितले तर निम्मी भीती तेथेच जाईल. पुष्कळ वर्गांत ते सांगितले जात नाही.

चोपडी आणि तराजू

हिशेब न येणाऱ्या माणसाचे काय होते हे महाराष्ट्राच्या इतिहासाने ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. हा उठाव पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. त्या शेतकऱ्यांनी मुख्यतः शोधून शोधून जाळली ती कर्जरोख्यांची आणि चोपड्यांची कागदपत्रे. जो कागद वाचता येत नाही आणि ज्यातली बेरीज पडताळता येत नाही, त्याच्याविरुद्ध जाळण्याखेरीज दुसरा उपाय त्यांना उरला नव्हता. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. पण कायद्याचा आधार घेण्यासाठीही पुन्हा वाचता आणि मोजता येणे भाग होते.

या घटनेनंतर सातच वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, इतिहास-भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी त्यांची मागणी होती. हिशेब आणि शेती यांचा त्यांनी एकाच अभ्यासक्रमात आग्रह धरला हे विसरता कामा नये. शूद्रातिशूद्रांच्या मुलांनी कारकून व्हावे एवढाच विचार त्यामागे असता तर शेतीची गरज नव्हती. शेतात पिकवणाऱ्याच्या हाती हिशेबही असावा, हे त्यामागचे सूत्र होते.

तोच धडा १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पुन्हा दिसला. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांपायी वारली जोडपी आयुष्यभर ‘लग्नगडी’ म्हणून राबत होती, कारण कर्ज किती फिटले हे ठरवणारी चोपडी जमीनदाराच्या घरी होती. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने त्या वेठीविरुद्ध लढा उभारला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याचीच कहाणी सांगते. त्याच वर्षी, त्याच परिसरातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी आपले बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यात सामील झाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या पाड्यावर, अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणावर गेली. बिया, खडे, शिंपले, पाने हीच तेथली मोजण्याची साधने होती. लढा आणि बालवाडी ही दोन निराळी कामे होती, निराळ्या विचारांच्या माणसांनी केलेली. पण चोपडीची भीती मोडण्याचे काम दोन्हींकडून चालले होते.

मराठवाड्यात धान्य उसने देण्याच्या जुन्या व्यवहाराला ‘सवाई’ आणि ‘दिडी’ अशी नावे होती. पेरणीच्या वेळी मणभर नेलेले धान्य सुगीला सव्वा मण किंवा दीड मण परत करायचे. सवायकी आणि दिडकीचा पाढा सावकाराच्या मुलाला पाठ होता. घेणाऱ्याला त्याचा फक्त परिणाम ठाऊक होता. आज मण आणि पायली गेली, तरी खासगी कर्जाची बोली अजून ‘शेकडा तीन’ अशीच होते. महिन्याला शंभरावर तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. दहा हजार रुपयांवर दरमहा तीनशे रुपये नुसते व्याज भरीत राहिले तर पावणेतीन वर्षांत मुद्दलाएवढे पैसे जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. ‘तीन’ हा आकडा लहान वाटतो, म्हणूनच तो महिन्याच्या बोलीत सांगितला जातो. पाचवीतल्या मुलाला हा गुणाकार येतो. प्रश्न आहे तो हा गुणाकार त्याला कधी घातला जातो काय, एवढाच.

आकड्यांच्या नावांचा वाद

जून २०१९ मध्ये गणित शिक्षणाचा प्रश्न अचानक महाराष्ट्राच्या वेशीवर टांगला गेला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस या रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती दिली होती. विषय विधिमंडळात गेला, तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’वरही विनोद झाले, मराठी भाषेचा खून झाल्याची हाकाटी उठली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागचे कारण शांतपणे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. गणितज्ञ असलेल्या आणि मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या या विदुषी २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेणाऱ्यांपेक्षा हसणारे अधिक होते.

म्हणणे सरळ होते. ‘तेवीस’ बोलताना तीन आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. म्हणून लहान मूल तेवीस ऐकून बत्तीस लिहिते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे मुलाला त्या नावातून उलगडून घ्यावे लागते. त्र्याहत्तर, सत्त्याण्णव यांतली जोडाक्षरे वेगळीच. तेलुगू, कन्नड, तमीळ या शेजारच्या भाषांत दशक आधी आणि एकक मागून असाच क्रम आहे. त्यामुळे त्या भाषांतील मुलांना हा अडथळा येत नाही. रूढ नावे काढून टाका असे पुस्तक म्हणत नव्हते. समजण्याची एक पायरी मुलांना उपलब्ध करून देत होते.

या वादात एक गोष्ट मात्र कोणालाच आठवली नाही. जुन्या पिढीतील निरक्षर माणसे खेडोपाडी विसांनी मोजत असत. पासष्ट म्हणजे ‘तीन विसा नि पाच’. शंभर म्हणजे ‘पाच विसा’. मोठा गठ्ठा आधी, उरलेले मागून. मराठी संस्कृती बुडाली म्हणून जे शहरी सुशिक्षित खंत करीत होते, त्यांना कष्टकऱ्यांच्या मराठीतली ही मोजणी ठाऊकच नव्हती. शाळेची भाषा कोणाच्या घरातून आली आणि कोणाच्या घरातली भाषा तिने गावंढळ ठरवली, हा प्रश्न त्या वादाच्या तळाशी होता. जीवनाशी जोडलेले गणित म्हणजे प्रथम मुलाच्या घरातील मोजणीला शाळेत मान देणे होय.

टेंभुर्णीचे पाठ्यपुस्तक

जीवनाशी जोड देणे म्हणजे पुस्तकातल्या सफरचंदांच्या जागी सीताफळे छापणे नव्हे. वर्षातून एकदा बालआनंद मेळावा भरवून मुलांना भेळेचे दुकान लावायला सांगणे हेही पुरेसे नाही. त्या एका दिवशी मुले किती हुशारीने हिशेब करतात याचे पाहुणे कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुले पुन्हा कच्ची ठरतात. जोड रोजची हवी आणि ती गावच्या खऱ्या व्यवहाराशी हवी. टेंभुर्णीसारख्या गावात असे पाठ्यपुस्तक शिवारभर उघडे पडलेले आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कडब्याच्या पेंढ्या आहेत. पाच पेंढ्यांचा पाचुंदा; दोन पाचुंदे म्हणजे दहा. गठ्ठे आणि सुटे यांचा हा खेळ म्हणजेच दशक आणि एकक. तिसरीच्या मुलांसाठी तराजू आहे. दोन पारड्यांत समतोल साधताना बेरीज, वजाबाकी आणि ‘बरोबर’ या चिन्हाचा खरा अर्थ हाताला समजतो. चौथी-पाचवीसाठी जमीन आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर लिहिलेले असते आणि घरात ‘तीन एकर’ म्हटले जाते. हे दोन्ही एकच काय? हिशेब केला तर तीन एकराला सुमारे दीड गुंठा कमी पडतो. आपल्या घरचा सातबारा वाचणारे मूल क्षेत्रफळाचा धडा विसरणार नाही. ज्या मुलाच्या घरी सातबाराच नाही त्याच्या मनात उठणारा प्रश्नही शिक्षकाने टाळू नये.

मग मजुरीचा हिशेब. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडायला आणि माती उपसायला कामावर गेली. त्यातूनच रोजगार हमी योजना आणि १९७७ चा तिचा कायदा आला. त्या कामांवर मजुरी बहुधा मापावर मिळे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्ड्यातून एक ब्रास माती निघते. खोली सव्वा फूट असेल तर सव्वा ब्रास. मोजणाऱ्याने सव्वाचा एक फूट लिहिला तर मजुराच्या घामाचा पाचवा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो. घनफळाचा याहून नेटका धडा कोणत्या पुस्तकात सापडेल?

अडतीच्या दुकानातून मिळणारी हिशेबपट्टी हा सहावीचा धडा आहे. समजा, सोयाबीनची चौदा पोती, प्रत्येक पोते साठ किलोंचे. एकूण आठशे चाळीस किलो. प्रत्येक पोत्यामागे दोन किलो ‘कडता’ कापला तर अठ्ठावीस किलो गेले. भाव क्विंटलला चार हजार धरला तर ते अकराशे वीस रुपये होतात. त्यानंतर हमाली, तोलाई हे आणखी वेगळे. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाप किती रुपयांचे, हे काढायला गणित लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ‘काटा मारणे’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पण टनामागे किती किलो मारले तर जोडप्याची किती मजुरी बुडाली, हे मांडून दाखवणारे मूल त्या घरात हवे.

आणि शेवटी गावाचा सामुदायिक हिशेब. पिकाच्या अंदाजाला पूर्वी आणेवारी म्हणत, आता पैसेवारी म्हणतात. ती पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. गावातला प्रत्येक माणूस या शब्दावर वाद घालतो, पण पन्नास पैसे म्हणजे सामान्य वर्षाच्या निम्मे पीक, हे गुणोत्तर आहे असे शाळेत कोणी शिकवीत नाही. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन आणि प्रत्यक्ष उत्पादन यांतील तुटीच्या प्रमाणात भरपाई ठरवण्याचे सूत्र आहे. उंबरठा एकरी दहा क्विंटल आणि पिकले सात, तर तूट शेकडा तीस. सातवीच्या विद्यार्थ्याने हे सूत्र ग्रामसभेत फळ्यावर मांडले तर तालुक्याला जाणाऱ्या निवेदनाचा सूर बदलेल. विनवणीच्या जागी हिशेब येईल.

दार आणि घर

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. गरिबांच्या मुलांना बाजाराचे आणि मातीचे गणित, आणि श्रीमंतांच्या मुलांना बीजगणित व भूमिती, अशी नवी वर्णव्यवस्था यातून उभी राहणार नाही काय? हा आक्षेप जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला, तेव्हाही अनेकांनी ही भीती बोलून दाखवली होती. ती निराधार नव्हती. पुढे अनेक ठिकाणी टकळी राहिली आणि तिच्यातून शिकायचे गणित बाजूला पडले.

म्हणून हे स्पष्ट असले पाहिजे की जीवनाचा अनुभव हे गणिताचे दार आहे, घर नव्हे. मिरच्या विकणाऱ्या मुलीला आयुष्यभर मिरच्यांचाच हिशेब करायला लावणे हा तिचा सन्मान नव्हे. बाजारातील रीत सोप्या आकड्यांना पुरते. आकडे मोठे झाले, व्याजावर व्याज चढले, की ती अपुरी पडते. तेथे लेखी मांडणीचे, सूत्राचे आणि चिन्हाचे सामर्थ्य लागते. प्रश्न तेथवर कसे न्यायचे हा आहे. हॉलंडमध्ये हान्स फ्रॉइडेन्टाल या गणितज्ञाच्या प्रेरणेने १९७० च्या दशकात जी शिक्षणपद्धती विकसित झाली तिने याचे एक उत्तर दिले : मुलाने मनाशी केलेली कृती आधी त्याच्याच क्रमाने कागदावर उतरवू द्यावी. टेंभुर्णीच्या मुलीपुढे एक रेघ ओढावी. रेघेवर साठ. तेथून दहाची एक उडी सत्तरवर, तिसाची दुसरी शंभरावर. दोन्ही उड्या मिळून चाळीस. ही तिचीच बाजारातली रीत आहे. आता ती कागदावर दिसू लागली. मग शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा करायच्या आणि त्यांतल्या सहा द्यायच्या. हातचा म्हणजे मोड आणणे, हे एकदा कळले की उभी मांडणी तिची वैरीण राहत नाही. वस्तूकडून चित्राकडे आणि चित्राकडून चिन्हाकडे हा प्रवास धीराने झाला तर पुढे बीजगणिताचा ‘क्ष’ही परका वाटत नाही.

हे सर्व मुलांना शक्य आहे, असा आग्रह महाराष्ट्रात कामगार चळवळीतूनही मांडला गेला आहे. भौतिकशास्त्राचे संशोधक आणि कामगार संघटक विवेक माँटेरो यांनी ‘नवनिर्मिती’च्या द्वारे स्वस्त, हाताळता येणाऱ्या साधनांनी प्रत्येक मुलाला गणित शिकवण्याचा प्रयत्न चालवला. गणित थोड्या हुशारांसाठी असते, ही समजूत त्या कामाने नाकारली. समतेचे राजकारण करणाऱ्यांना ती मान्य असताच कामा नये.

कार्यकर्त्यांचे काम

दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, वर माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणांची कामे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. ते कलम पाळले जावे म्हणून गावाने शिक्षकाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि संख्याज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट चांगले आहे. पण ते तक्त्यातील टिकमार्क भरून गाठता येणार नाही.

त्याच शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. या समित्यांत कार्यकर्त्यांनी रस घेतला पाहिजे. महिन्यातून एक दिवस गावातील शेतमजूर बाई, सुतार, गवंडी, भाजीवाली यांनी वर्गात येऊन आपली मोजणी मुलांना दाखवावी. गवंडी काटकोन कसा साधतो, शिंपीण कापड कसे बेतते, हे मुलांनी पाहावे आणि शिक्षकाने ते फळ्यावर मांडावे. जुन्या हिशेबपट्ट्या, विजेची बिले, बियाण्यांच्या पिशव्यांवरील वजन आणि किंमत हे वर्गाचे साहित्य व्हावे. नावे झाकावीत, आकडे राहू द्यावेत. सायंकाळच्या अभ्यासवर्गात घरातील मोठ्यांनी मुलांबरोबर बसावे. आपल्या आईला हिशेब येतो आणि शाळेला त्याची कदर आहे, हे मुलाला एकदा दिसले की त्याच्या मनातील न्यूनगंडाची गाठ सुटू लागते.

या कामाचे फळ पुढच्या निवडणुकीत दिसणारे नाही. त्यासाठी दहा-पंधरा वर्षे थांबावे लागेल. पण ज्या दिवशी बाजारातली ती मुलगी बापाबरोबर अडतीच्या दुकानात जाईल, हिशेबपट्टी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचील आणि बाप अंगठ्याला शाई लावण्याआधी विचारील की, हे अठ्ठावीस किलो कोठे गेले, त्या दिवशी शाळेने आपले काम केले असे म्हणता येईल. त्या प्रश्नाचे उत्तर गादीवर बसलेल्याला द्यावेच लागेल.